कशावरून?
रोजच्या कुतूहलांचा एक आढावा

पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतो. नागाला दूध आवडते. काजवा आपली सगळीच्या सगळी ऊर्जा प्रकाशात बदलतो. बोटे मोडली की म्हातारपणी सांधे धरतात. लोणारचे सरोवर पन्नास हजार वर्षांपूर्वी झाले. गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठते.

ही सहा वाक्ये आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेली आहेत. कॅलेंडरच्या मागच्या पानावर, शाळेतल्या फळ्याच्या कोपऱ्यात, दिवाळी अंकातल्या चौकटीत आणि हल्ली पहाटे येणाऱ्या ‘शुभ प्रभात’च्या गुलाबाखाली. सहाही एकाच ठाम सुरात सांगितली जातात. प्रत्यक्षात पहिली दोन साफ खोटी आहेत, तिसरे फुगवलेले आहे, चौथ्याची परीक्षा एका माणसाने स्वतःच्या हातावर घेतली, पाचवे जुने झाले आहे आणि सहाव्यावर अजून भांडण चालू आहे. वाचणाऱ्याला यातला फरक कळायला मार्गच नसतो, कारण चौकटीत ‘काय’ मावते, ‘कशावरून’ मावत नाही.

मराठीत हे नेहमीच असे नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ काढले, तेव्हापासून विज्ञान सांगायला मराठीत ऐसपैस जागा होती. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ मासिक 1928 पासूनचे, मराठी विज्ञान परिषद 1966 ची. त्या परंपरेतले जुने लेख चाळले तर माहितीबरोबर ती मिळवल्याची हकीकतही वाचायला मिळते. कोणी मोजले, कशाने मोजले, आधीचा समज काय होता. आता हकीकत गळली आणि नुसता निकाल उरला. रोजच्या आयुष्यातल्या काही कुतूहलांची ही गळलेली बाजू इथे पाहायची आहे. माझ्या मते निकालापेक्षा तीच जास्त रंगतदार असते.

सुरुवात चुलीपासून करू. तवा तापला का हे बघायला बायका पाण्याचा शिपका मारतात. तवा नुसता गरम असेल तर चर्र आवाज होऊन पाणी तिथल्या तिथे उडून जाते. पण तो फार तापला असेल तर उलटेच होते. आवाज जवळजवळ येत नाही. थेंब गोल होतात, पाऱ्यासारखे तवाभर पळतात, एकमेकांवर आपटतात, काठाशी जाऊन परत येतात, आणि उडून जायला चांगलाच वेळ घेतात. जास्त तापलेल्या लोखंडावर पाणी जास्त टिकते. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने याचा छडा लावून 1756 मध्ये ते छापले. त्याने भट्टीत लाल केलेला लोखंडी चमचा घेतला आणि त्यात एकेक थेंब टाकून वेळ मोजली. पहिला थेंब अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिकला. चमचा निवत गेला तसे पुढचे थेंब भराभर संपले. कारण असे की साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास थेंबाचा तळ लोखंडाला टेकायच्या आतच त्याची वाफ होते आणि उरलेला थेंब त्या वाफेच्या पातळ थरावर तरंगतो. वाफेतून उष्णता सावकाश जाते, म्हणून थेंब वाचतो. भाकरी टाकणाऱ्या बाईला भौतिकशास्त्र ठाऊक असायचे कारण नाही, पण मोती पळायला लागले की ती आच कमी करते आणि मग भाकरी टाकते. तिचे निरीक्षण लायडेनफ्रॉस्टच्या निरीक्षणापेक्षा कमी दर्जाचे नाही. फक्त तिने वेळ मोजून लिहून ठेवली नाही.

हळदीची गोष्ट याहून गमतीची. पांढऱ्या शर्टावर पिवळ्या आमटीचा डाग पडला आणि त्यावर कपड्याचा साबण चोळला की डाग लालभडक होतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. नंतर भरपूर पाण्याने साबण निघून गेला की लाली जाते आणि पिवळा परत येतो. हळदीतला कर्क्युमिन हा रंग अल्कलीत लालसर आणि आम्लात पिवळा दिसतो. म्हणजे प्रयोगशाळेतल्या लिटमसचे काम हळद करते. तो डाग उन्हात वाळत घातला की फिका पडतो, तेही खरे, कारण कर्क्युमिन प्रकाशाने मोडतो. कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असते. हळदीत चुना कालवून लाल रंग करणे हे याचेच उदाहरण.

पण कुंकवाची जुनी पाककृती वेगळी आहे. त्यात हळकुंडाबरोबर टाकणखार आणि लिंबाचा रस लागतो. लिंबाचा रस तर आम्ल, मग लाल रंग यावा कशाने? टाकणखारात बोरॉन असतो. आम्लाच्या सोबतीने कर्क्युमिन आणि बोरॉन एकत्र आले की लाल रंगाची वेगळीच संयुगे तयार होतात, आणि पदार्थात बोरॉन आहे का हे ओळखायची रसायनशास्त्रातली जुनी कसोटी हळदीत बुडवलेल्या कागदानेच होते. चुन्याने येणारा लाल आणि टाकणखाराने येणारा लाल डोळ्यांना सारखे वाटले तरी त्यांची कारणे दोन निराळी. कुंकू करणाऱ्या कारागिरांनी दोन्ही वाटा वापरात ठेवल्या.

‘कशावरून’ला पैशातही किंमत असते हे हळदीनेच दाखवले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने आव्हान दिले. ‘आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे’ हे पेटंट कार्यालयात चालत नाही, छापील पुरावा लागतो. संस्कृत ग्रंथ आणि 1953 मधला एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असे जुने कागद पुढे ठेवले गेले आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झाले. हळद प्रत्येक रोगावर चालते असे आज जे सांगितले जाते, त्याला मात्र या निकालाचा आधार नाही. तिथे प्रश्न एवढाच होता की ही माहिती नवी आहे का.

मिरचीचा तिखटपणा ही चव नाही, हे आता पाठ्यपुस्तकातही आले आहे. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये दाखवले की मिरचीतले कॅप्सायसिन मज्जातंतूंवरच्या ज्या प्रथिनाला चिकटते, तेच प्रथिन सुमारे 43 अंशांवरच्या उष्णतेने जागे होते. ‘तोंड भाजले’ ही तक्रार म्हणून मेंदूच्या बाजूने अक्षरशः बरोबर आहे. ज्युलियस यांना 2021 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. पक्ष्यांमधले हेच प्रथिन कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट लवंगी मिरची मिटक्या मारत खातो. उंदरासारखे प्राणी बी चावून नासवतात, पक्ष्याच्या पोटातून ते सहीसलामत बाहेर पडते आणि दूर जाऊन रुजते. तिखटपणा हा नको त्या गिऱ्हाइकाला हाकलण्याचा मिरचीचा उपाय आहे. माणसाने मात्र तो फोडणीत घातला, आणि तोही अलीकडे. पोर्तुगीज गोव्यात येईपर्यंत आपल्याकडे मिरची नव्हतीच, तिखटासाठी मिरे होते. स्वयंपाकघरातला आणखी एक समज इथेच निकालात काढता येतो. तिखट बियांत नसते, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात असते. कॅप्सायसिन तेलात विरघळते, पाण्यात नाही. हाताची आग होत असेल तर आधी तेल चोळावे, मग साबण.

कांद्याचे काम लवकर उरकू. कांद्याने डोळ्यांत पाणी का येते याचे उत्तर पुस्तकांत पूर्वीपासून होते, पण ते अपुरे होते. रडवणारा वायू कांद्यातल्या एका विकराने आपोआप होतो असे मानले जाई. जपानमधल्या एका मसाला कंपनीच्या संशोधकांनी 2002 मध्ये दुसरा, खास तेवढ्याच कामाचा विकर शोधला. म्हणजे चव शाबूत ठेवून रडणे टाळता येईल. पुढे त्याच कंपनीने न रडवणारा कांदा बाजारातही आणला. लासलगावच्या बाजाराला त्याने काही धक्का बसला नाही. आपल्याला कांदा रडवतो तो बहुतेक वेळा भावाने.

जूनच्या पहिल्या सरीचा वास हा कवींचा प्रांत, पण त्याचे रसायनशास्त्र ऑस्ट्रेलियात झाले. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी तापून कोरडे झालेले दगड आणि माती घेऊन वाफेने त्यातला अर्क काढला. हाती पिवळसर तेल लागले. 1964 मध्ये त्यांनी ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले आणि वासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. त्या लेखात त्यांनी उत्तर प्रदेशातल्या अत्तरवाल्यांचाही उल्लेख केला. कनौजला मातीची भाजलेली ढेकळे तांब्याच्या डेगीत घालून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात आणि ‘मिट्टी अत्तर’ विकतात. शास्त्रज्ञांनी नाव दिले त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे तो वास बाटलीत मिळत होता.

या वासातला सर्वांत ठळक घटक जिओस्मिन. तो मातीतले स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जिवाणू तयार करतात. माणसाच्या नाकाला त्याची ओळख विलक्षण आहे. एक लाख कोटी भागांत चार-पाच भाग असले तरी आपल्याला तो येतो. बिटाची मातकट चव त्याचीच. तळ्यातल्या माशाला येणारा चिखलाचा वासही त्याचाच, आणि आम्लाने जिओस्मिन मोडतो, म्हणून अशा माशाला चिंच किंवा कोकम घालणे ही नुसती आवड नाही. थेंब पडल्यावर वास हवेत येतो कसा, हे 2015 मध्ये अमेरिकेत एमआयटीतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपले. मातीवर आपटलेल्या थेंबाखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि सूक्ष्म तुषार उडवतात. हलक्या सरीत हे जास्त होते, मुसळधार पावसात कमी. पहिल्या शिडकाव्याला वास येतो आणि धो-धो सुरू झाला की जातो, हा अनुभव जुळला. राहिला प्रश्न जिवाणूंनी हा वास करावाच कशाला? 2020 मध्ये त्याचे एक उत्तर आले. मातीतले स्प्रिंगटेल नावाचे चिमुकले सहापायी जीव त्या वासाने येतात, जिवाणूंवर ताव मारतात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन पुढे पसरवतात. आपल्याला आवडणारा मृद्गंध मुळात दुसऱ्याच कोणाला धाडलेले आमंत्रण आहे. आपण त्यावर कविता केल्या, ते निराळे.

आता शरीर. बोटे मोडू नकोस, हे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतेच. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर या डॉक्टरांनी साठ वर्षांच्या आसपास फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्या हाताची नाही. शेवटी दोन्ही हातांत संधिवात नव्हता आणि दोन्हींत काही फरकही नव्हता. त्यांना 2009 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक मिळाले. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते. पण आजीच्या वाक्यामागे तेवढाही प्रयोग नव्हता. आवाज कशाचा, हा प्रश्न मात्र मोठ्या शास्त्रज्ञांनाही पुरला. सांध्यातल्या द्रवात पोकळी होताना तो येतो, असे 1947 मध्ये सांगितले गेले. 1971 मध्ये म्हटले की बुडबुडा फुटताना येतो. 2015 मध्ये एमआरआय यंत्रात बोट मोडून पाहिले तर पोकळी होताना दिसली. 2018 मध्ये गणिती प्रतिकृतीने पुन्हा फुटण्याच्या बाजूने कौल दिला. सत्तर वर्षे झाली आणि कडकन आवाज काही पुरता हाती आलेला नाही.

नदीवर किंवा नळाखाली बराच वेळ हात राहिले की बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. कातडी पाणी पिऊन फुगते, हे उत्तर आपण शाळेत दिले आणि त्याला गुणही मिळाले. पण हाताच्या नसेला इजा झालेल्या बोटांना सुरकुत्या पडत नाहीत, हे लुईस आणि पिकरिंग या ब्रिटिश डॉक्टरांनी 1936 मध्येच नोंदवले होते. कातडी फुगत असती तर नसेचा काय संबंध? सुरकुत्या मज्जासंस्था पाडते. टोकाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी आत ओढली जाते. आता डॉक्टर उलट्या बाजूने याचा उपयोग करतात. नस काम करते का हे बघायला बोट पाण्यात बुडवतात. सुरकुत्यांनी ओल्या वस्तूवर पकड चांगली बसते, असे 2013 मध्ये ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसले. पाण्यातल्या गोट्या उचलायला माणसांना कमी वेळ लागला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तोच प्रयोग केला आणि काहीच फरक सापडला नाही. सुरकुत्या कशाने पडतात ते नक्की झाले, कशासाठी पडतात ते अजून नाही. ही दोन उत्तरे एकत्र कालवली जातात, आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो.

पिंपळाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण हा समज शिकलेल्या माणसांत जास्त आहे. पाण्याचा रेणू फोडून प्राणवायू मोकळा करायला प्रकाश लागतो. रात्री प्रकाश नाही, म्हणून प्राणवायू नाही. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वसन करतो. काही रखरखीत प्रदेशातल्या वनस्पती, निवडुंगासारख्या, रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात आणि दिवसा वापरतात, ही खरी गोष्ट. पण प्राणवायू त्याही दिवसाच सोडतात. ‘रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात’ याचे कोणीतरी ‘रात्री प्राणवायू देतात’ केले आणि ते पिंपळ, तुळस, कोरफड असे सगळ्यांच्या गळ्यात बांधले. गंमत म्हणजे आपल्याकडचा जुना धाक अगदी उलटा होता. पिंपळावर मुंजा असतो, रात्री त्याच्याखाली झोपू नये. मुंज्याला कोणी वैज्ञानिक म्हटले नाही. प्राणवायूवाला निरोप मात्र विज्ञानाचे कपडे घालून आला, म्हणून त्याला दारात कोणी अडवले नाही. अशा कपड्यांचा मान मोठा असतो. 2017 मध्ये एका उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी निवृत्तीच्या दिवशी सांगितले होते की मोर ब्रह्मचारी असतो आणि लांडोरीला त्याच्या अश्रूंनी गर्भ राहतो. मोर इतर पक्ष्यांसारखाच मीलन करतो, आणि ते रानात राहणाऱ्या कोणत्याही माणसाने सांगितले असते.

सापांच्या बाबतीत समज नुसता खोटा राहत नाही, जिवावर उठतो. नाग दूध पितो असे दाखवायला नागपंचमीच्या आधी सापाला दिवसेंदिवस तहानलेला ठेवतात, मग तो समोर येईल ते पितो. दूध त्याचे अन्न नाही. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही कोकणात आणि घाटावर सारखीच ऐकू येणारी कथा. सापाला ओठ नाहीत, दात आत वळलेले आहेत. त्या दातांनी सड धरला तर म्हैस गप्प उभी राहील का, एवढा विचारही पुरे आहे. धामण उंदीर खाते, म्हणजे शेतकऱ्याची बाजू घेते, आणि मार खाते. हरणटोळ माणसाची टाळू फोडतो म्हणून त्याला मारतात. तो झाडावर राहणारा, माणसाला धोका नसलेला साप आहे. सगळ्यांत वाईट दशा मांडुळाची. शेपटी बोथट, तोंडासारखी दिसणारी, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. खरे तर हे शत्रूला चकवायचे साधन आहे. डोके गुंडाळीत लपते आणि हल्ला शेपटीवर होतो. पण त्याच्याने गुप्तधन सापडते, पैशाचा पाऊस पडतो, वजन अमुक किलो भरले तर भाव कोटीत, अशी अफवा पसरली आणि कायद्याने संरक्षित असलेल्या या गरीब, बिनविषारी सापाची चोरटी उचल सुरू झाली. मांडूळ पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत सतत येतात. यात फसणारे सगळे अडाणी नसतात.

त्यामानाने काजव्याबद्दलची अतिशयोक्ती निरुपद्रवी. मे अखेरीपासून भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडे लुकलुकायला लागली की बातम्यांत हमखास येते की काजव्याचा दिवा शंभर टक्के कार्यक्षम असतो. 1960 मध्ये केलेल्या मोजणीत 88 टक्के आकडा आला होता, तो वाढत वाढत शंभरावर गेला. 2008 मध्ये जपानमध्ये नीट मोजले तेव्हा शंभर रेणूंमागे प्रकाशकण निघाले 41. तरीही हा थंड प्रकाश आहे हे खरे, जुन्या तारेच्या दिव्यासारखा तो उष्णता ओकत नाही. आणि 41 हा आकडा कीटकाच्या पोटातल्या रसायनासाठी मोठाच आहे. तो शंभर केल्याने काजव्याची शोभा वाढत नाही. त्याच्या तोंडावर विजेरी मारणारे पर्यटक कमी झाले तर वाढेल.

लोणारचे वय हा प्रामाणिकपणे बदललेला आकडा. बुलढाणा जिल्ह्यातले हे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आधी ज्वालामुखीचे मानले जाई, कारण भोवती सगळा बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचाच दगड. आघाताच्या प्रचंड दाबानेच बदलू शकतात अशी खनिजे तिथे सापडली आणि 1973 मध्ये ‘सायन्स’मधल्या लेखाने उल्काघात पक्का झाला. वयाचा आधीचा अंदाज सुमारे 52 हजार वर्षांचा होता. पुढे वितळून गोठलेल्या काचेतल्या आरगॉन वायूवरून मोजले, तेव्हा 2011 मध्ये आकडा आला 5 लाख 70 हजार. वय दहापटीहून जास्त वाढले. पर्यटकांच्या फलकांवर आणि पुस्तकांत जुना आकडा अजून सापडतो. जून 2020 मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हाही तर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की हे खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य. पाणी आटले, क्षार वाढले, ते माजले. पाऊस पडला तसा रंग उतरला.

काही गोष्टींना मात्र प्रयोगशाळा लागत नाही. मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. बारा वाजता नव्हे, मुंबईत साडेबारानंतर पाच-एक मिनिटांनी, कारण आपले घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेले आहे. जुलैअखेर हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. दिल्लीला हा दिवस कधीच येत नाही, ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो असे म्हणणाऱ्याला गच्चीवर नेऊन एक बाटली उभी करून दाखवावी.

सह्याद्रीत कुतूहल शोधायचे तर कारवीपाशी थांबावे लागते. हिच्या काटक्यांवर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती होतात, तेव्हा ही काही दुर्मीळ वनस्पती नाही. पण ती सात-आठ वर्षे नुसती पानांवर काढते आणि मग एखाद्या पावसाळ्यात डोंगरचे डोंगर एकदम जांभळे होतात. फुलून झाले, फळे धरली की ती झुडपे मरतात. वाळलेली फळे झाडावरच राहतात आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसाने ओली झाली की तडतडत फुटतात. केरळ-तमिळनाडूतली नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते, 2006 नंतर 2018 मध्ये फुलली. मिझोरममधला मौताक बांबू 48 वर्षांनी. तिथे याला सौंदर्य म्हणत नाहीत. बांबूला एकदम अमाप फळ येते, ते खाऊन उंदरांची पैदास होते, फळ संपले की उंदीर शेतात शिरतात. 1959 च्या अशा फुलोऱ्यानंतर दुष्काळ पडला, मदत अपुरी पडली, आणि दुष्काळनिवारणासाठी निघालेल्या संघटनेतून मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. 1966 मध्ये बंड झाले. समेट व्हायला 1986 उजाडले. पुढचा फुलोरा 2007 च्या सुमारास ठरल्याप्रमाणे आला.

एकदम का फुलायचे, याचे एक पटणारे उत्तर डॅनियल जॅन्झन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाने 1976 मध्ये मांडले. दरवर्षी थोडे बी धरले तर उंदीर-पाखरे सगळे फस्त करतील. वर्षानुवर्षे काहीच न देता एकदम डोंगरभर दिले तर खाणाऱ्यांची पोटे भरूनही बी उरते. जो एकटा आधी किंवा नंतर फुलेल त्याचे सगळे खाल्ले जाईल, म्हणून रांगेत राहणाऱ्यांचाच वंश टिकला. हे झाले ‘कशासाठी’. झाडाला सात किंवा 48 वर्षे मोजता कशी येतात, हे त्यातून कळत नाही. बांबूचे कंद मूळ बेटातून दूर देशी नेऊन लावले, हवामान बदलले, तरी ते त्याच सुमारास फुलल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. म्हणजे गणती पावसावर किंवा दिवसाच्या लांबीवर नाही, आतच कुठेतरी चालते. ती यंत्रणा अजून कोणी उलगडून दाखवलेली नाही. उपग्रहाने पीक मोजणाऱ्या काळात डोंगरावरचे झुडूप वर्षे कशी मोजते ते ठाऊक नसावे, याचे मला फार बरे वाटते.

राहिले गरम पाणी. 1963 मध्ये टांझानियातल्या एका शाळेत आईस्क्रीम करताना एरास्टो म्पेम्बा या मुलाने दूध निवायची वाट न पाहता कढतच फ्रीझरमध्ये ठेवले. इतरांच्या आधी त्याचे गोठले. शिक्षकांनी आणि वर्गाने त्याची टिंगल केली. पुढे दार-एस-सलामच्या विद्यापीठातले डेनिस ऑस्बोर्न शाळेत व्याख्यानाला आले तेव्हा त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, वर्ग पुन्हा हसला. ऑस्बोर्न यांनी परत जाऊन प्रयोग करवला आणि 1969 मध्ये दोघांच्या नावाने लेख छापला. ॲरिस्टॉटल, बेकन, देकार्त यांनीही असे काही लिहून ठेवले होते हे नंतर लोकांच्या लक्षात आले. मग कारणे पुढे आली. गरम पाण्याची वाफ होऊन ते कमी होते, त्यातला विरघळलेला वायू जातो, त्याचे प्रवाह वेगळे, गरम भांडे खालचे हिम वितळवून तळाला नीट टेकते. 2016 मध्ये बरिज आणि लिंडेन या ब्रिटिश संशोधकांनी जपून मोजले आणि असा परिणाम खात्रीने सापडतच नाही असे लिहिले. तापमापी भांड्यात सेंटिमीटरभर वर-खाली झाली तरी निकाल उलटा वाटू शकतो, हे त्यांनी दाखवले. 2020 मध्ये कॅनडात अविनाश कुमार आणि जॉन बेकहोफर यांनी साधे पाणी बाजूला ठेवले आणि पाण्यातल्या एका सूक्ष्म मण्यावर लेसरने प्रयोग केले. तिथे गरम अवस्था थंड अवस्थेला मागे टाकू शकते, हे स्पष्ट दिसले. पण मणी गोठत नसतो. घरी पाहायचे असेल तर एकाच मापाच्या दोन स्टीलच्या वाट्या घ्याव्या, पाणी तोलून घालावे, एकदा त्या हिमाचा थर चढलेल्या जागी ठेवाव्या आणि एकदा लाकडी फळीवर. दोन्ही वेळा निकाल एकच येईल याची खात्री आज कोणी देणार नाही.